काकीची ठेव

बाबा, काकी गेली. परवा तिच्या दहाव्याला जाऊन आली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही मला चौथीतून काढून दुकानात बसवलं, त्यामुळे लिहिता येतं ते एवढंच. वाचायला तुम्ही नाही हे कळतं मला, तेवढी खुळी झाली नाही. पण ही गोष्ट कोणत्याच माणसाजवळ बोलायची नाही अशी बंदी तुम्हीच घातली होती. म्हणून तुमच्याशीच भांडून राहिली.

ते आणीबाणीचं साल. सरकारनं गरिबांचं सावकारी कर्ज माफ केलं आणि आपल्या गावानं परस्पर ठरवून टाकलं की किराण्याची उधारीही त्यातच गेली. धान निघालं की देतो म्हणत वर्षभर तेल-मीठ नेणारे लोक धान निघाल्यावर दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागले. एखादा थांबलाच तर हसून म्हणायचा, "दुकानदार भाऊ, आता सरकारच नाही म्हणते तं आमी काय करावं?" तुम्हीही हसायचे. मला तुमच्या हसण्याचाच जास्त राग यायचा. वकील म्हणाला, उधारी त्या कायद्यात बसते की नाही ते कोर्टात भांडून पाहावं लागेल. एकेका गिऱ्हाइकाशी तेल-मिठासाठी कोर्टात कोण भांडेल? इकडे भंडाऱ्याच्या ठोक व्यापाऱ्याचे तुमच्याकडे जे पैसे निघत होते, ते मात्र कोणी माफ केले नव्हते. तो कायदा मजुराचा, लहान शेतकऱ्याचा. दुकानदार त्यात कुठेच नव्हता. त्या शेठनं दिवाणी जेलची धमकी दिली, तेव्हा वकिलानं नादारीचा रस्ता सांगितला. असेल नसेल ते कोर्टाच्या हवाली करायचं, कोर्ट ते विकून ज्याला त्याला हिश्श्यानं वाटून देते, मग उरलेल्या कर्जातून माणूस सुटतो. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण तेवढं आपलं राहते.

मग एका दुपारी मी पाण्याची गुंडी घेऊन येते तर तुम्ही दुकानातली गादी उलटी करून टाकलेली आणि भर उन्हात उंबऱ्यावर मायच्या देवघरातला दिवा लावून बसलेले. दिवाळं निघालं की जुने दुकानदार असं करत, हे ऐकलं होतं. आपल्याच दारात पाहीन असं वाटलं नव्हतं. "हा तमाशा कायले करता?" म्हणून मी दिवा फुंकायला गेली, तर तुम्ही माझा हात धरला. "राहू दे. ज्याचे देणे हाय त्याले समजलं पायजे."

ज्यांचं देणं होतं त्यांतली एकटीच आली. शेजारची काकी. विधवा बाई, दिवसभर बिड्या वळायची, आणि दारुड्या दिराच्या हाती लागू नये म्हणून मजुरीतले पैसे तुमच्याकडे ठेवायची. गावातल्या किती बाया तशा ठेवत, पण बाकीच्यांनी आपले कधीच उचलले होते. हिचे पोरीच्या लग्नाचे होते. ती मागच्या दारानं येऊन चुलीजवळ बसली. बिडीच्या पानाचा वास येत होता तिच्या लुगड्याला. "भाऊ, माहे गेले का?" एवढंच म्हणाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, माय गेल्यापासून मी जपलेली तिची सोन्याची पोत मागितली आणि सोनाराकडे गेले. सांजेला काकीच्या ओटीत सारे पैसे टाकले. मी पाहून होती. मायची ती पोत माझ्या लग्नात माझ्या गळ्यात येणार होती, तरी मी अडवलं नाही.

अर्ज टाकून झाला आणि मग तुम्ही मोठ्या इमानदारीनं वकिलाला ही गोष्ट सांगितली. त्यानं कपाळावर हात मारला. बाकीच्यांना डावलून एकट्या काकीला दिले, तेही अर्जाच्या तोंडावर, म्हणजे कोर्टाच्या नजरेत ती लबाडी. कोर्ट ते पैसे काकीकडून परत घेणार, आणि तुमची सुटका अडकणार. "तिचेच पैसे तिले देले, वकीलसाहेब." "तुमच्यासाठी तिचे. कायद्यासाठी सगळ्यांचे." त्या दिवसापासून तुम्ही जेवण टाकलं. मी ताट सरकवायची, तुम्ही परत सरकवायचे. शेवटी मी ओरडली, "मरा उपाशी, पण कोर्टात काय सांगणार ते तं सांगा!" तुम्ही ताट उचलून चुलीजवळ ठेवून दिलं.

भंडाऱ्याच्या कोर्टात मी मागच्या बाकावर होती. शेठला कुठूनतरी वास लागला होता. त्याच्या वकिलानं सरळ विचारलं, त्या बाईची ठेव तुम्ही परत केली की नाही? तुम्ही शपथ घेतलेली. खोट्या मापासाठी मला गिऱ्हाइकासमोर थोबाडीत मारणारे तुम्ही. पंखा फिरत होता. तुम्ही म्हणाले, "नाही. बुडाली तिची ठेव." मग काकीला उभं केलं. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं, तुम्ही काय बोलले ते तेवढं तिनं ऐकलं होतं. तिनं पदर खोचला आणि अशी सुटली, "देईन कायचा मुडदा! रांडमुंड बाईचे पैसे खाल्ले यानं! याच्या हाताले किडे पडो! माह्या पोरीचं लगन आता हा करून देईन का, विचारा त्याले!" जजसाहेबांनी तिला खाली बसायला सांगितलं तरी तिचं सुरूच. तुम्ही मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजले. मी तुमचे ओठ पाहत होती, बाबा. तुम्हाला हसू आवरत नव्हतं.

तुम्ही सुटले. घर, दुकान गेलं. जेल टळली, शेठ गप झाला. परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सारं निपटलं की गावात खरं सांगून टाकू." तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तोंड उघडलं तं माहं मेलेलं तोंड पाहशील. तिचे पैसे जातीन." पैसे राहिले. पुढल्या उन्हाळ्यात काकीनं पोरीचं लग्न केलं, भावानं मदत केली असं सांगून. आणि ज्या गावानं तुमची उधारी गिळली, तेच गाव तुम्हाला विधवेचे पैसे खाणारा म्हणू लागलं. आसगावची माझी सोयरीक त्यावरूनच मोडली. पुढे बिजवर मिळाला, तो चांगला निघाला ते माझं नशीब. राइस मिलवाल्यानं तुम्हाला वजनाच्या काट्यावर बसवलं नाही, म्हणाला, "विधवेचे खाल्ले त्यानं, माहे सोडन का?" तुम्ही तिथंच पोती वाहिली. छाती गेली, मग तुम्ही गेले. तुमच्या मयतीला काकी आली होती. कोणी म्हणालं, "पाहा, तरी आली बिचारी." ती काही बोलली नाही. किती राग आला होता मला तिचा! नादारी केव्हाच निपटली होती, दीरही मेला होता. आता तरी बोलायचं होतं तिनं.

परवा कळलं, ती कोणालाच बोलली नाही. पोरीलाही नाही. दहाव्याला ती पोर, आता तीही नातवंडांची आजी, साऱ्या बायांसमोर मला म्हणाली, "तुह्या बापानं माह्या मायचे पैसे बुडवले, तरी माही माय तुले वाईट बोलली नाही." तिच्या गळ्यात लग्नातली पोत होती, बाबा. मायची पोत मोडून झालेल्या लग्नातली. तुम्ही नाही, काकी नाही, आता कोणाचे काही जाणार नव्हते. सारं माझ्या जिभेवर आलं होतं.

मी बोलली नाही. बायांना वाटलं, केवढी समजदार. तुम्हालाही तसंच वाटेल, म्हणून सांगून ठेवते. समजदारी नाही, तुमची बंदी नाही, काही नाही. तोंड उघडलं असतं तर मला रडू फुटलं असतं, आणि त्या पोरीसमोर मला रडायचं नव्हतं.