कडीवरचा हात

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही मजेत आहोत, फक्त नवी गाडी मला चावते. हसू नकोस. उतरून दार लावायला हात लावला की असा चटका बसतो की किंचाळीच फुटते. काल ऑफिससमोर पहारेकरी धावत आला. ह्यांना मात्र एकदाही बसत नाही, त्यामुळे वीज माझ्याच अंगात आहे असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. तू गावभर लोकांना गाडी शिकवतेस, बहिणीलाही काही उपाय सांग.

बाबा डोळे तपासायला पुढच्या आठवड्यात इकडे येतायत. स्टेशनवर मीच जाणार. खरं सांगू, त्यांच्यासमोर जायची धास्तीच वाटते. कडेचं दिसेनासं झालं म्हणून त्यांचं गाडी चालवणं बंद करायचं हे ठरवलं आपण दोघींनी. तुला रोज त्यांच्यासमोर राहायचंय, म्हणून किल्ल्या मागून घेतल्या मी. तेव्हापासून फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे शब्द नाही. तुझ्याशीही असंच वागतात ना? कसं सहन करतेस गं?

तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट पाहणारी,
ठमी

१७ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वीज तुझ्या अंगात नाही, अंगात आहे ती घाई. सीटची कव्हरं नायलॉनची, तुझे कपडे तसलेच, त्यात ही कोरडी हवा. घासत उठतेस तेव्हा ती वीज अंगावर चढते आणि दाराला हात लागला की चटका देऊन जाते. म्हणून उठायच्या आधी चौकटीवरची, जिथे दाराचं कुलूप अडकतं ती उघडी लोखंडी कडी धर. रंगावर हात ठेवून उपयोग नाही. कडी धरूनच ऊठ आणि दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नकोस. लोक हात आधीच काढतात, म्हणून माझ्या शिकाऊ मंडळींना मी गाडीला 'येतो हं, बाई' म्हणायला लावते. तेवढं म्हणून होईस्तोवर पाय टेकतात. सगळे हसतात, पण चटका कुणालाच बसत नाही.

बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याशी तरी कुठे धड बोलतात? डबा ठेवून येते, रिकामा झाला की उचलते. आपली दोघींची गत सारखीच.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, ती मागावी लागत नाही.
ताई

२४ जानेवारी

ताईस,
नमस्कार.

तुझा उपाय लागू पडला. मला आता चटका बसत नाही.

बाबा आले. स्टेशनपासून घरापर्यंत अवाक्षर नाही. दारात गाडी थांबवली, तर त्यांनी न पाहता हाताने कडी चाचपली, ती धरून उठले, आणि पाय टेकता टेकता गाडीला म्हणाले, 'येतो हं, बाई.' मी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले.

चहा घेताना विचारलं, हे कुठे शिकलात. त्यांची कळी अशी खुलली! दर रविवारी तू त्यांना मैदानावर नेतेस, शिकवणीच्या गाडीत स्टिअरिंगवर बसवतेस आणि तुझा पाय तुझ्या बाजूच्या ब्रेकवर असतो. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी एवढं बोलले. तेवढंच असतं तर देवाशपथ मला आनंद झाला असता. पण पुढे म्हणाले, थोरलीचं मन हळवं, किल्ल्या काढून घेऊ नकोस म्हणून ती तुझ्याशी भांडली होती, तूच हट्टाला पेटलीस. रागाने नाही म्हणाले. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसे म्हणाले.

हे त्यांना तू सांगितलंस, ताई. आणि मला लिहिलंस, दोघींची गत सारखीच. माझा गळा कापलास तू. मी नळ सोडून ओट्यापाशी रडून घेतलं. त्यांना खरं सांगितलं नाही. तिथे त्यांना तुझ्याशिवाय आहे कोण?

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कडेचं दिसणं आणखी कमी झालंय. आता मैदानावरही नाही. परत येताना बाबांनी विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, ताईला कळवते, ती सांगेल. ते खूश झाले. परवाच्या गाडीने पोचतील.

त्यांच्या किल्ल्या इतके दिवस माझ्या कपाटात होत्या. या पाकिटातून पाठवतेय. या वेळी 'नाही' तू म्हण. आणि म्हणताना माझं नाव घेऊ नकोस.

माया काही जात नाही. ती वाढावी असं मात्र आज लिहवत नाही.

ठमी