माझ्या हाताला कोमट लागलेलं पाणी

१९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो.

लाँड्रीत काम नेहमीसारखंच. हॉटेलच्या चादरी पुन्हा आमच्याकडे आल्यात, त्यामुळे दिवसभर इस्त्री. मालकांनी नवा पंखा लावलाय. तो वाफ इकडून तिकडे ढकलतो, एवढंच.

बाबांची जखम भरत आलीय. ड्रेसिंग एक दिवसाआड. उजव्या पायाची दोन बोटं काढली, हे तुला डॉक्टरांनी कळवलंच आहे. काठी घेऊन संडासापर्यंत जातात. जेवतात नीट. बोलत फारसे नाहीत.

तू सांगितलेलं सगळं केलं. गिझरचा आकडा खाली आणला. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि वर थर्मामीटर घालून बघतो. किटली कट्ट्यावर आत, भिंतीला लागून. गरम पाण्याची रबरी पिशवी फेकून दिली. बाबांच्या पायांना आता फक्त लोकरीचे मोजे.

तू फोनवर म्हणालीस, "डायबेटिसने पाय बधिर झालेल्या माणसाला शेक द्यायचा नाही, हे मी वॉर्डात रोज घसा कोरडा करून सांगते, आणि माझ्याच घरात..." मग बाबांना फोन द्यायला लावलास आणि त्यांना वाटेल ते बोललीस. मी शेजारीच उभा होतो. ते आपले, "हो बाळा, चुकलं माझं," एवढंच म्हणत होते.

ताई, ती पिशवी बाबांनी भरली नव्हती. मी भरली.

दुपारी जेवायला घरी आलो होतो. बाबा म्हणाले, पाय गार पडलेत. किटलीतलं पाणी पिशवीत ओतलं, वरून हात लावून पाहिलं. कोमट लागलं. वीस वर्षं इस्त्री धरलेला हात, त्याला काय कळणार? तेव्हा हे डोक्यातच आलं नाही. टॉवेल गुंडाळायचाही राहिला. त्यांचा डोळा लागला, मी कामावर गेलो. सहाला परतलो तर पिशवी तशीच पायांखाली. मोजा काढला, त्याबरोबर कातडी आली. बाबा माझ्या तोंडाकडे बघून विचारत होते, "काय झालं रे?" त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

दवाखान्यात जाताना तेच म्हणाले, "ताईला सांग, मीच घेतली म्हणून. तुझ्यावर चिडली तर वर्षानुवर्षं बोलायची नाही. माझ्यावर किती दिवस चिडेल?"

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो.

पंचवीस दिवस तुझा फोन नाही. मोबाइल चार्ज आहे का, असं ते रोज विचारतात. मला रडू यायला हवं, येत नाही. चादरी करतो, घरी येतो, भांडी घासतो, झोपतो.

हे पत्र लिहितोय, ते त्यांना ठाऊक नाही. रविवारी सकाळी मी बाहेर जाईन. तेव्हा त्यांना फोन कर. त्यांनी सांभाळून घेतलंय मला, ते तुला कळलंय असं वाटलं तर दाखवू नकोस, पण बोल. माझ्याशी बोलायचं की नाही, ते सावकाश ठरव.

दर पत्राखाली 'तुझा लाडका' लिहितो. आज नुसतं,

तुझा भाऊ