मुंगूस स्टॉप

दि. १४ फेब्रुवारी
दुकानातून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही खाली बरे आहोत. तूही वर बरी असशील, कारण सकाळपासून तुझ्या खुर्चीची चाकं माझ्या डोक्यावर फिरताहेत. एक जिना चढून बोलता आलं असतं. पण तुझ्याकडे पेशंट बसलेले आणि माझ्या अंगाला मोटार-रिवाइंडिंगच्या व्हार्निशचा वास. म्हणून हा कागद.

तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतोय. वर दाखवून ये म्हटलं, तर विचारते, "आपल्यालाही नंबर लावावा लागतो का?"

काल एक बाई तापानं फणफणलेल्या लेकीला घेऊन रिक्षातून तुझा दवाखाना शोधत हिंडत होती. कार्डावर तू 'आनंद चौक' छापलंयस. रिक्षावाला शेवटी माझ्यावरच खेकसला, "मुंगूसशेठ, हा आनंद चौक आहे तरी कुठं?"

"बाबा रे, त्यातच उभा आहेस."

"मग सरळ मुंगूस स्टॉप म्हणा ना!"

'आनंद चौक' अशा पाटीसाठी नगरपालिकेत चपला मीच झिजवल्या. पाटी लागली. आता तिच्याचखाली कंडक्टर ओरडतो, "चला, मुंगूस उतरा!"

उंदीर वायरी कुरतडायचे, म्हणून बाकाखाली शिरलेलं मुंगूस मी हाकललं नाही, एवढाच माझा गुन्हा. आधी दुकान मुंगसाचं झालं, मग मीच मुंगूस झालो, मग बसचा थांबा. ते बिचारं कधीच मेलं. शाळेत पोरं तुला 'मुंगशी' म्हणायची, तू दप्तर भिरकावून रडायचीस. विसरलो नाही मी. चपला त्यासाठीच झिजवल्या.

पण माझे कान फार तिखट. दवाखान्याच्या उद्घाटनाला तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण?" तू म्हणालीस, "जागेचे मालक." मी चहाचा ट्रे तसाच पुढे केला. जागेचा मालक चहा का वाटतोय, हे कोडं त्यांना अजून सुटलं नसेल.

काल त्या बाईला जिन्यापर्यंत सोडलं. तिनं विचारलं, "डॉक्टरीणबाई तुमच्या कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "भाडेकरू."

तेव्हापासून जेवण जात नाही. लोकांच्या जिभेला कुलूप घालता येत नाही, हे मी मान्य केलंय. त्यांनी काय वाटेल ते म्हणावं. पण आपण दोघांनीही तेच धंदे करायचे?

खाली ये आणि चारचौघांत एकदा मोठ्यानं हाक मार. ती पाटी गेली खड्ड्यात.

बाबा