राखून ठेवलेला फोन

३ फेब्रुवारी

अर्ज फेटाळला! तुरुंग खात्याच्या खिडकीतल्या माणसाने तो परत असा सरकवला, जणू मी चुकून दुसऱ्याच्या दारात आले होते. "पत्नी हयात असताना बहिणीला देता येत नाही."

मी म्हटलं, अहो, मी वाढवलंय त्याला.

"असेल. पण आम्ही सगळ्यात जवळचं नातं धरतो."

म्हणजे मी लांबची! टिल्लू तुरुंगात मेला, आणि त्याचे औषधपाण्याचे कागद, तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं राणीसाहेबांच्या हातात. चार वर्षांपासूनची बायको. मी त्याची जन्मापासूनची बहीण — मला खिडकी.

४ फेब्रुवारी

दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची दांडी सरळ करताना मोडली. मालक एक शब्द बोलले नाहीत. एरवी दुकान डोक्यावर घेतात. भाऊ गेलेल्या बाईला कोण काय बोलणार!

राणीसाहेबांकडे पत्रकार येतात, शेजारीपाजारी येतात. माझ्यावर फक्त मालक ओरडत नाहीत. एवढाच माझा वाटा.

७ फेब्रुवारी

हे म्हणाले, "अगं, तिचा नवरा गेलाय."

"आणि माझा भाऊ नाही गेला?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

तसंच म्हटलं. सगळे तसंच म्हणतात. भाजी चिरताना मुद्दाम जोरजोरात सुरी आपटली. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१० फेब्रुवारी

चित्रण बाहेर आलं. तिच्या अर्जावर खात्याला द्यावंच लागलं. दुपारी बातम्यांत दाखवलं. मी शेजारच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात उभी राहून बघितलं.

लांबलचक बोळ. टिल्लू भिंत धरून चालतोय. एवढा सहा फुटी गडी, लहानपणीचं नाव काही सुटलं नाही त्याचं. मध्येच खाली बसला. एक शिपाई आला, थांबला, बघितलं, गेला. गेला!! आवाज नाही चित्रणात, पण टिल्लू सारखे ओठ चाटत होता. साखर चढली की तो तसंच करतो. मला तिथल्या तिथे कळलं. दुरुस्तीवाल्याने स्टूल दिलं.

मग पडद्यावर ती. राखाडी कपडे, केस घट्ट बांधलेले. रडली नाही. "माझ्या नवऱ्याला इन्सुलिन दिलं नाही. माझ्या नवऱ्याला न्याय हवा." माझ्या, माझ्या, माझ्या. आणि बोलली चांगलं! हेच जास्त लागलं. मला तसं बोलता आलं नसतं. मी फक्त किंचाळले असते.

११ फेब्रुवारी

टिल्लूला नवव्या वर्षी साखर निघाली. आई सुईला घाबरायची, बाबा तर खोलीतूनच निघून जायचे. मग मी. पंधरा वर्षांची होते. एक दिवस पोटाला, एक दिवस मांडीला. तो डोळे मिटून म्हणायचा, "झालं?" आणि मी आधीच टोचलेलं असायचं. पुढे मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करायला लागला, उंच उंच इमारतींत दोरांवर लोंबकळायचा, तरी सुई घ्यायला माझ्याकडेच यायचा. स्वतःला येत नव्हतं म्हणून नाही. सवय.

लग्नानंतर आठवडाभरात ती आली. "ताई, तो औषधांचा डबा द्या ना. आता मी बघते." मी हसत दिला. गाल दुखेपर्यंत हसले.

बघितलंस ना! छान बघितलंस!

(हे मी लिहायला नको होतं. ती तुरुंगाच्या आत थोडीच होती. पण खोडणार नाही.)

१५ फेब्रुवारी

तिच्या वकीलबाईंकडे गेले. न बोलावता. चांगल्या आहेत, चहा दिला. तुरुंगाचं म्हणणं असं — कैद्याने तब्येतीची तक्रार कधी केलीच नाही. मारामारीच्या एका खटल्यात जामिनाची वाट बघत होता, म्हणून खचला, जेवला नाही, गेला. नैसर्गिक मृत्यू.

"चित्रणात दिसतंय की!" मी म्हटलं.

"दिसतंय. ऐकू येत नाही." मग म्हणाल्या, "ऐकू येईल असं एक आहे. तुरुंगातून होणारा प्रत्येक फोन ते रेकॉर्ड करतात, त्यांचा माणूस ऐकतही असतो. त्याचा शेवटचा फोन मिळालाय. पण तो उघड न करता राखून ठेवलाय. कुटुंबाच्या विनंतीवरून."

कुटुंबाच्या! मग मी कोण? वाटेवरची?

आतून एकाच नंबरावर फोन करता यायचा. त्याने तिचा दिला होता. बरोबरच आहे म्हणा. नवरा बायकोचाच देणार. पण एकदा, एकदाच द्यायचा होता माझा!

१७ फेब्रुवारी

टिल्लूच्या मृत्यूची चौकशी चाललीय, तिथे आक्षेप नोंदवला. रेकॉर्डिंग उघड करावं म्हणून. तेवढं कोणीही करू शकतं म्हणे, लांबच्या नात्यातलंसुद्धा.

२० फेब्रुवारी

तिचा फोन.

"ताई, आक्षेप मागे घ्या."

"का? तुरुंगवाल्यांचं खोटं उघडं पडायला नको का?"

"बाकी पुरावे आहेत ना. चित्रण आहे."

"चित्रणात आवाज नाही."

ती म्हणाली, "ते माझं आहे, ताई. तेवढं माझ्याकडे राहू द्या."

माझं! त्याचा शेवटचा आवाज तिचा! काय बोलला असेल तो? गोड काहीतरी बोलला असणार. तिचं लाडाचं नाव घेतलं असणार, जे आमच्यापैकी कोणाला माहीत नाही. आणि माझं नावही नसणार त्यात. कशाला असेल?

"नाही घेणार मागे," मी म्हटलं.

२१ फेब्रुवारी

काचा घासायच्या यंत्रावर बसले की तेच डोक्यात. लग्नात त्याने तिचा हात धरून सगळ्यांना सांगितलं होतं, "ही माझी शांती." तेव्हा मी पाहुण्यांची ताटं वाढत होते.

मला तो आवाज ऐकायचाय. तुरुंगवाले खोटे पडोत न पडोत. असं लिहिताना लाज वाटतेय, पण खरं तेच आहे.

२६ फेब्रुवारी

हे म्हणाले, मागे घे, घरात बोलणं उरणार नाही. मी म्हटलं, आता कुठे उरलंय!

२८ फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन. तिने स्वतःच विनंती मागे घेतली! सोमवारी रेकॉर्डिंग चौकशीत सगळ्यांसमोर वाजवणार. "पण ती म्हणते, त्याआधी ताईंनी ऐकावं. तिच्यासमोर."

जिंकले. मग कोणाला सांगावंसं का वाटत नाही?

१ मार्च

ऐकलं.

टिल्लूचा आवाज. धाप लागलेली. "सुई देत नाहीयेत गं. तीन दिवस सांगतोय, कोणी ऐकत नाही. तू ताईला सांग. तुला नाही जमायचं. ती येऊन दारातच बसेल, दिल्याशिवाय उठायची नाही. ताईला सांग, लगेच सांग."

आणि मग हिचा. "मरतानासुद्धा तुला ताईच लागणार ना?" खट्. ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

वकीलबाई उठून बाहेर गेल्या. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "सकाळी सांगणार होते, ताई. राग उतरला की सांगणार होते. सकाळी परत वाटलं, दुपारी सांगू." मग म्हणाली, "बोला आता. काय बोलायचं ते बोला."

मला एक शब्द बोलता आला नाही. तिला वाटलं असेल, संतापाने. संताप नंतर आला. "ताईला सांग" ऐकलं, तेव्हा सगळ्यात आधी मला आनंद झाला होता.