थोरली मांडवात असेल

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही.

तुमची थोरली नात जन्मली तो दिवस आठवतो. तिरके डोळे, बारके कान, अंग लुळं, जीभ सारखी बाहेर. सुईण म्हणाली, "हे पोर जगायचं नाय, जीव लावू नका." तिला दूध ओढता येत नव्हतं. तुम्ही चुलीपाशी बसून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजत राहिलात. पुढे मी शिकवतो त्या संस्थानच्या दरबारी शाळेचे हेडमास्तर घरी आले, तेव्हा मी तिला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं. ते गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "पोर हाय, चोरीचा माल नाय." आणि तिला खांद्यावर घेऊन जव्हारच्या भर बाजारातून फिरवून आणलंत.

आता ती मोठी झालीय. नागली पाखडते, सांजेला कोंबड्या टोपलीखाली डालते, वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारते. गेल्या आठवड्यात धाकटीला बघायला खोडाळ्याहून पाहुणे आले. मुलगा चांगला, घर चांगलं. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात मुलाचा बाप माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "मास्तर, एक सांगू? लग्नात थोरली दिसायला नको. आमची माणसं कायबाय बोलतील."

मी म्हणालो, "थोरली मांडवात असेल. माझ्या शेजारी."

पाहुणे सुपारी न फोडताच उठले. काल निरोप आला, त्यांनी मुलाचं दुसरीकडे जमवलं. धाकटी तांदूळ निवडत बसली होती, थोरली तिच्या पाठीला रेलून काहीतरी गुणगुणत होती. मान वर न करता धाकटी म्हणाली, "बाबा, मला विचारलं असतंत तर मीही हेच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

मी उठून अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिलो. आज शाळेत पोरांना एकच पाढा दोनदा म्हणायला लावला, माझं लक्षच नव्हतं.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो. पाहुण्यांपुढं बोललो ते मनापासून बोललो. पण निरोप ऐकला आणि आधी हायसं वाटलं, वाईट नंतर वाटलं. माझ्यामागं थोरलीला बघायला कुणीतरी घरात राहील, असं मनात येऊन गेलं. हे मी पोरींच्या आईलाही सांगितलेलं नाही.