चिकटपट्टीखालचं बटण

प्रिय बाबा,

वर्षश्राद्धाआधी तुम्हाला काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज संध्याकाळी अंगणात जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसवत नाही. आई आत देवापुढे बसून राहिली आहे आणि मी तुमच्या गाडीत. गाडीतल्या मिणमिणत्या दिव्यात लिहितेय, अक्षर समजून घ्या.

हळदीच्या जेवणांच्या ऑर्डरी आता मीच घेते. उद्या शिरढोणला आहे, म्हणून टोप, शेगड्या, तांदळाच्या गोणी आजच डिकीत भरल्या. गाडी नेहमीसारखी मागून दबली. लाइट लागतात का पाहावं म्हणून चालू केले आणि समोरच्या कुंपणाच्या भिंतीकडे गेले.

भिंतीवर तुमची पिवळी रेघ आहेच. दर दसऱ्याला डिकी रिकामी करून, गाडी धुऊन, हार घालून तुम्ही लाइटचा झोत त्या रेघेवर बसवायचात. काय तोरा असायचा तुमचा! मग स्टिअरिंगशेजारच्या छोट्या गोल बटणावर चिकटपट्टी मारायचात. ‘आता याला कुनी हात लावायचा नाय.’ कुणाची टाप होती?

आज उजेड रेघेवर नव्हता, बाबा. रेघ सोडून वर, थेट शेजाऱ्यांच्या खिडकीवर गेला होता. मी मागे वळले तर डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. आई कुठे गेली कळेना. हाक मारली.

‘अगं, ही काय, गाडीच्या बाजूलाच उभी हाय ना मी.’

गाडीच्या दारालगत उभी होती ती. मला दिसली नाही. 

उरण रस्त्याला समोरचे गाडीवाले लाइट मिचकावून सारखे डिपर मारायचे, तेव्हा तुम्ही हात वर करायचात. ‘आपल्या हातचं जेवलेला दिसतोय.’ मला तुमचं कोण कौतुक वाटायचं, सगळे ओळखतात माझ्या बाबांना! ते रामराम करत नव्हते हो. त्यांना दिसत नव्हतं.

आणि ती संध्याकाळ? भरल्या डिकीची दोरी सुटली म्हणून तुम्ही लाइट चालू ठेवून उतरलात. समोरून टेम्पो आला आणि तुम्हाला उडवून गेला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. तो टेम्पोवाला पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय, डोळ्यांवर उजेड आला, माणूस दिसलाच नाही. मी त्याला खोटारडा म्हटलं. पोलिसांना अंगणात आणून, गाडी उभी करून, उजेड कसा बरोबर रेघेवर पडतो ते दाखवलं. रिकामी गाडी, बाबा. डिकीतले टोप तेव्हा आम्ही उतरवून ठेवले होते. त्याच्यावर खटला चालू आहे.

चिकटपट्टी मी काढली. खाली शून्य, एक, दोन, तीन असे आकडे आहेत, आणि बटण शून्यावर होतं. बटण फिरवत गेले तसा उजेड खिडकीवरून उतरत उतरत तुमच्या रेघेवर येऊन थांबला. मागून दबलेल्या, भरल्या गाडीचा उजेड खाली आणायलाच आहे ते बटण. सगळ्या जगाच्या हळदी जेवू घातल्यात, एकदा भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून बघायचं नाही का सुचलं तुम्हाला?

मी परत भिंतीपाशी गेले. आता आई दिसली, पदर तोंडाला लावलेली. तिलाही सगळं कळलं होतं.

‘त्या टेम्पोवाल्या पोराला पन असाच उजेड दिसला काय गं?’

मी होकारार्थी मान हलवली.  आई म्हणाली, ‘जा, सांग जाऊन. त्याची पन आय हाय घरी.’

तुमच्यावर रागावू की तुमच्यासाठी रडू, हेच मला कळत नाहीये. पण उद्या शिरढोणला जायच्या आधी गाडी भरलेलीच पोलीस ठाण्यात नेईन. त्यांच्या भिंतीसमोर उभी करीन, बटण शून्यावर ठेवीन आणि साहेबांना सांगीन, समोर या, आणि गाडीशेजारी माझी आई उभी आहे ती दिसते का बघा.

तुमचीच,
मनी