काचेच्या पेटीतली सूनबाई

३ जून
आज पहिल्यांदा लेकाच्या खोलीत पाऊल टाकलं. कोळी तसाच आहे, काचेच्या पेटीत. शी! तळहाताएवढा, केसाळ. आणला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं — "एक तर हा राहील, नाहीतर मी!" तर लेक म्हणतो कसा, "हा नाही गं, ही. तुझी सून आहे, जुळवून घे!"
अपघाताला महिना झाला. लेक गेला, सून राहिली.

४ जून
हे म्हणाले, "आणला त्या दुकानात परत देऊन टाकू." मी नाही म्हटलं. त्याच्या हातांनी वाढवलेलं जिवंत असं घरात दुसरं आहे तरी काय!

९ जून
दुकानातून जिवंत रातकिडे आणले. चिमट्याने एक आत सोडला, डोळे मिटून — तो उलट माझ्याच अंगावर! अशी किंचाळले की हे अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. दोघंही हसलो. मग हे उरलेली दाढी करायला गेले.
हे अजून एकदाही रडलेले नाहीत. सगळं आत कोंडून ठेवलंय. मला धास्ती वाटते.

२१ जून
हल्ली किळस येत नाही. पेटीजवळ बसूनच भाजी निवडते. सूनबाईला सगळं सांगते — सासूने सुनेला सांगू नये तेही!

२ जुलै
सूनबाईने खाणं सोडलंय. रातकिडा पायावरून गेला तरी ढिम्म. तो गेला तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. तिला आता कळलं असेल, तो येणार नाही ते.

६ जुलै
गेली. सकाळी पाहिलं तर उताणी पडलेली. माझा हात होईना. ह्यांनीच अलगद उचलली, लेकाच्या रुमालात गुंडाळली, गुलाबाच्या कुंडीत पुरली. वरून दोन्ही हातांनी माती घट्ट दाबली. आणि तिथेच खाली बसून रडले. मोठ्याने, त्याला हाका मारत! मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.
संध्याकाळी ह्यांनी आपणहून ताट मागितलं. शांत झोपलेत आता. जाता जाता सूनबाईने माझा माणूस मोकळा केला.

१० जुलै
रिकामी पेटी द्यायला दुकानात गेले. काय झालं ते सांगितलं. दुकानदाराचा चेहराच उतरला.
"खाणं बंद? आणि उताणी? अहो काकू... मेली नव्हती ती. कात टाकत होती. उताण्या पडूनच टाकतात. थोड्या वेळाने आपली आपण उठली असती."
घरी आले तर हे त्या कुंडीला पाणी घालत होते.
"काय म्हणाला दुकानदार?"
"म्हणाला, वय झालं होतं तिचं."